वाळवंटात अकीक ओळखायचा कसा?

नवखा_फिनिक्स: शनिवारी अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या पश्चिमेला सॅडल माउंटनपाशी गेलो होतो. चार तास फिरून पिशवीभर दगड आणले, घरी धुतले तर बरेचसे साधे पांढरे निघाले. जमिनीवर पडलेला अकीक (अॅगेट) ओळखायचा कसा? आणि उचलायला परवानगी असते ना?

कातळवेडी: सात वर्षं मी त्याच भागात फिरतेय. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना, आणि सूर्याकडे तोंड करून चाला. बाकीचे दगड काळपट दिसतात, अकीक आतून उजळतो. माझा पहिला बोराएवढा होता. वरून मळकट, पण एका कडेचा टवका उडालेला, आणि तिथून काकवीसारखा लालसर उजेड येत होता. आत केसाएवढे बारीक पट्टे. तो अजून माझ्या खिडकीत आहे.

शंका आली तर चाकूचं टोक ओढून बघा. कॅल्साइट या मऊ खनिजावर लगेच ओरखडा उठतो; अकीकावर उठत नाही, उलट पोलादाची करडी रेघ उमटते. साध्या गारेवरही ओरखडा उठत नाही, म्हणून फुटलेली कड बघा: अकीकाची मेणासारखी तुकतुकीत असते. ओढ्यांची कोरडी पात्रं आधी धुंडाळा. दगडाखाली न बघता हात घालू नका, खुळखुळ्या साप असतात.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या जमिनीवर स्वतःपुरते माफक उचलता येतात, विकायला नाही. कुणाचा खाणीचा हक्क नोंदलेला असेल तिथे हात लावायचा नाही. अश्मीभूत लाकडाला मात्र मोजमाप आहे: दिवसाला 25 पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त 250 पौंड. नॅशनल पार्कातून खडासुद्धा आणू नका.

सिन्नरकर: आमच्याकडे विहीर खणताना हेच निघतं. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात, मग त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थरावर थर धरते. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासायचो. आत उजेड चमकायचा आणि करपट वास यायचा. तो वास अजून नाकात आहे.

नवखा_फिनिक्स: चाकू लावून बघितला, कडाही तपासल्या. अकरा अकीक निघाले! टंबलरमध्ये, म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या डब्यात, घालू?

कातळवेडी: भेगा असलेले वेगळे काढा, ते आत फुटतात आणि त्यांच्या कपच्या बाकीच्यांना ओरबाडतात. उरलेल्यांना घासायच्या जाड भुकटीपासून पॉलिशपर्यंत महिनाभर लागेल. आणि पट्टे असलेला एखादा तसाच राहू द्या, घासू नका.