गोवंडीत मंडळाने रुग्णवाहिका घ्यावी का?

बैंगनवाडीकर: मंडळाकडे साडेचार लाख जमलेत. जुनी व्हॅन घेऊन चोवीस तास रुग्णवाहिका चालवू, असा बहुतेकांचा आग्रह आहे. आमच्या गल्ल्या तीन-चार फुटांच्या, गाडी मेन रोडलाच थांबते. जाणकारांनी सांगावं.

पाळी_तिसरी: गाडी नका घेऊ. चालक आणि मदतनीस, तीन पाळ्या, सात दिवस म्हणजे आठवड्याला 42 ड्युट्या. प्रत्येकी सहा धरल्या तरी सात माणसं लागतात, रजा धरून आठ. पगारातच वर्षाच्या आत पैसे संपतील.

108 आहेच. वेळ जातो तो पत्त्यात. हा कॉल पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तिथल्या माणसाला तुमची मशीद किंवा किराणा दुकान कसं कळणार? म्हणून आधी 'मुंबई, गोवंडी', मग रोड नंबर, प्लॉट आणि गाडी नेमकी कुठे उभी राहील ते सांगायचं. हा मजकूर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी रंगवून घ्या. फोन करणाऱ्याने रुग्णापाशीच थांबावं, दुसऱ्याने मेन रोडला उभं राहावं. बाळंतपणासाठी 102.

उचलणारा: खरी अडचण गल्लीतून बाहेर काढण्याची. स्ट्रेचर वळणावर अडकतं, माळ्याच्या लोखंडी शिडीवरून तर उतरतच नाही. जाड कॅनव्हासची सहा बाय अडीच फुटांची झोळी शिवून घ्या, आठ मुठी, शिवण दुहेरी. मुठीचा पट्टा कापडाखालून आरपार गेला पाहिजे. नुसता कडेला शिवला तर वजनाने उसवतो. जिन्यावरून पाय पुढे, डोकं वर.

दम लागलेल्याला मात्र झोळीत आडवं करू नका. फुप्फुसात पाणी असेल तर आडवं होताच जीव घुसमटतो. त्याला मजबूत लोखंडी खुर्चीवर बसवून, छाती मोकळी ठेवत कमरेला आणि पायांना पट्टा बांधून न्या. छातीत कळ येत असेल तर एक पाऊलही चालवू नका. उंचावरून पडलेल्याला, आग किंवा विजेचा धोका नसेल तर, 108ची माणसं येईपर्यंत हलवू नका.

हातदाब: शुद्ध नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके, तर उचलायच्या फंदात पडू नका, चालता चालता छाती नीट दाबली जात नाही. कडक जमिनीवर तिथेच सुरू करा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात थकतात आणि दाब उथळ होतो, म्हणून माणूस बदला. गल्लीत निदान चौघं शिकलेले हवेत, त्यांतले दोघं दिवसा घरी असणारे. बायकांनाच आधी शिकवा, दुपारी त्याच असतात. उजळणी दर सहा महिन्यांनी.

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर 'शेवटचं बरं कधी होतं' ती वेळ लिहून घ्या. हा पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, त्याआधी सीटी स्कॅन लागतो.

बैंगनवाडीकर: ऑक्सिजन सिलिंडर ठेवावा का? आणि अपघातग्रस्ताला नेलं तर पोलिसांचं लचांड?

पाळी_तिसरी: सिलिंडर नको. बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास. पण झडप कोण तपासणार, आणि शेजारी स्टोव्ह पेटलेला असतो. रस्ते अपघातात मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती करता येत नाही.