विषय: मंडळाच्या ऑफिसला नवा डेस्कटॉप

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

ऑफिसातला डेस्कटॉप आता अगदीच थकलाय. बटण दाबून चहा करून आणला तरी सभासदांची यादी उघडलेली नसते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 टाकायला गेलो तर 'हा प्रोसेसर चालणार नाही' म्हणून नकार. कार्यकारिणीने 800 डॉलरपर्यंत मंजुरी दिली आहे. सेलवर एक गेमिंगचा पीसी दिसतोय, दणकट, दिवेबिवे असलेला. घेऊन टाकू का? पाडव्याच्या कार्यक्रमाची नोंदणी सुरू व्हायच्या आत उरकायचंय. न्यू जर्सीत कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला 2011 पासून बंदी आहे, म्हणून जुना शनिवारी काउंटीच्या ई-कचरा केंद्रावर देऊन येतो.

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, दिव्यांचा राहू द्या. आपलं काम काय? एक्सेल, झूम, वर्गणीच्या पावत्या, शाळेची हजेरी आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला?

जुना रखडतो तो मुख्यतः फिरत्या हार्ड डिस्कमुळे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकली तर पळेल. पण आतला प्रोसेसर इंटेलचा आय5, तोही चौथ्या पिढीचा, आणि विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी नि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे वेग येईल, सुरक्षा नाही. अपडेटचं जादा वर्ष मिळवता येतं, तरी सगळ्यांचे पत्ते आणि चेकचे फोटो असलेल्या मशीनवर असली मलमपट्टी मला पटत नाही.

माझं मत: ऑफिसात वापरतात तसला साधा टॉवर. आय5 किंवा त्याच्या तोडीचा एएमडीचा रायझन 5, 16 जीबी रॅम, 512 जीबी एनव्हीएमई (आणखी वेगवान जातीची) एसएसडी. 'आता 8 घेऊ, पुढे वाढवू' हे यंदा नको. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, कारण कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आत बसून आलेली रॅम स्वस्त पडते. 16 ची एकच पट्टी असेल आणि शेजारचा स्लॉट रिकामा असेल तर उत्तम.

डेलचे ऑप्टिप्लेक्स किंवा लेनोवोचे थिंकसेंटर हे ऑफिसचे पीसी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकलेले, घेतले तरी वाईट नाहीत, पण अगदी आठव्या पिढीचा नको. तो 2017-18 चा माल, विंडोजची पुढची अट आली की पहिला तोच बाहेर पडेल. आणि मोबदल्यात वाचणार किती?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मॅक मिनी का नको? ॲपलच्या एम4 चिपवाला 599 डॉलरला आला होता, 16 जीबीसकट. छोटा, आवाज नाही, टेबलावर जागा खात नाही.

प्रेषक: अंक समिती

थांबा, थांबा! ई-कचऱ्यात काय देताय? अंकाच्या जुन्या फायली श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि तिचा डाँगल (ज्याच्याशिवाय ती चालत नाही ती छोटी किल्ली) त्याच मशीनच्या मागे खोचलेला आहे. दुसरीकडे उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. शिवाय कपाटात गणेशोत्सवाच्या मिनीडीव्ही टेप्स (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) पडल्यात. त्या कॉम्प्युटरवर उतरवायला लागणारं फायरवायर या जुन्या जोडणीचं कार्डही त्यातच.

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, बरं झालं बोललात. काका, शनिवारची फेरी रद्द करा.

मॅकचं उत्तरही यातच आलं. ॲपलने मॅकओएसच्या टाहो आवृत्तीत फायरवायर काढूनच टाकलंय, आणि मिनीत कार्ड बसवायला स्लॉटच नाही. रॅमही वाढवता येत नाही. घरी मी मिनीच वापरतो, छान आहे. पण ऑफिसात दर दोन वर्षांनी नवा सचिव येतो नि त्याला विंडोजच येतं.

श्रीलिपीचं असं की नवं मशीन जुना डाँगल ओळखेलच याची खात्री नाही. 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटचा ड्रायव्हर चढतच नाही, आणि 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. म्हणून जुन्याची नेटची वायर काढा आणि त्याला तसाच कोपऱ्यात चालू ठेवा. प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, बदला. प्रूफ मात्र माणसानेच वाचायचं. कन्व्हर्टर रफारात घोळ घालतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या करून टाकतो. नव्या लेखांना विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरे.

टेप्सना घाई करता येत नाही. तासाभराची टेप उतरायला तासच लागतो आणि साधारण 13 जीबी जागा खाते. 800 मधूनच 2 टीबीची बाहेरची डिस्क घ्या. मॉनिटर, कीबोर्ड जुनेच चालतील. फक्त मॉनिटरला नुसतं व्हीजीए (जुन्या पद्धतीचं सॉकेट) आहे का ते मागून बघा, तसं असेल तर अडॅप्टर लागेल.

प्रेषक: खजिनदार

बघितलं, एचडीएमआय आहे. साधा टॉवर आणि डिस्क यावर कोणाची हरकत नसेल तर रविवारी दुकानात जातो. आपण नोंदणीकृत नानफा संस्था आहोत, तेव्हा सेल्स टॅक्सच्या माफीचा फॉर्म सोबत नेतो, 6.625 टक्के तरी वाचतील. टेप्सचा कॅमेरा मिळाला, पण चार्जर आणि चार पिन-सहा पिनवाली फायरवायरची केबल सापडत नाही. मागच्या कार्यकारिणीपैकी कोणाच्या गराजमध्ये आहे का?