मदत हवी आहे : घोट्यावरचा कोरडा चट्टा पुन्हा पुन्हा त्याच जागी का येतो?

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून माझ्या डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा कोरडा चट्टा येतो, मलमाने जातो आणि तीन-चार आठवड्यांत नेमका त्याच जागी उगवतो. उजव्या पायाला मात्र काहीही नाही. वय ४७, मधुमेह नाही, राहायला मुलुंडला.

आधी त्वचेवर बारीक पांढरा कोंडा सुटतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर इतकी खाज येते की झोपेतच खाजवले जाते. आता तिथली कातडी जाड व काळपट झाली असून तिच्यावरच्या रेघा ठळक दिसतात. पाणी किंवा पू येत नाही. मुंबईच्या दमट हवेत कोरडेपणा कसला, असे घरचे म्हणतात, आणि ऐन पावसाळ्यातही चट्टा होताच, त्यामुळे हवेला तरी दोष कसा द्यावा?

सुरुवातीला औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली, हा माझाच मूर्खपणा. पुढे त्वचातज्ज्ञ डॉक्टरबाईंनी कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, बुरशी नव्हती. त्यांनी दोन आठवडे स्टिरॉइडचे मलम दिले. ते लावत असेपर्यंत सर्व ठीक असते. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे, पण तत्पूर्वी विचारतो : एकाच जागेचे कारण काय असावे, आणि असे मलम वारंवार लावल्याने कातडी पातळ होईल का?

प्रतिसाद : स्टिरॉइड मनाने लांबवल्यास कातडी पातळ होऊ शकते, ते एकदम थांबवायचे की दिवसाआड करत कमी करायचे, हे डॉक्टरांनाच विचारा. दुकानातल्या त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड व बुरशीनाशक एकत्र असते. बुरशी असती, तर स्टिरॉइडने तिचे रूप झाकले असते. म्हणून ती पुन्हा आणू नका. आपण लिहिलेल्या जाड कातडीवरून आणि ठळक रेघांवरून वाटते की खाजवल्याने कातडी जाड होते, जाड कातडी अधिक खाजते, असे चक्र बसले असावे. चट्टा गेल्यावरही अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर पेट्रोलियम जेली लावत राहा, नखे कापा, रात्री सुती मोजा घाला. कोपर, गुडघे किंवा डोक्यात असेच चट्टे असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा, कारण मग सोरायसिस या दीर्घकाळ चालणाऱ्या त्वचारोगाचा विचार करावा लागतो. आणि त्याच जागी रोज दाब पडत किंवा घासत असेल का, म्हणून एक विचारतो : आपण जमिनीवर मांडी घालून बसता का? डावा पाय खाली असतो का?

धागाकर्ता : रोज संध्याकाळी दीड तास पेटीचा रियाज, सतरंजीवर, डावा पाय खाली घेऊनच! डॉक्टरबाईंनी चपलेच्या पट्ट्याविषयी विचारले होते, पण बैठकीचे सांगावे हे माझ्या ध्यानातच आले नाही. आजपासून घोट्याखाली उशी घेतो.