लांब केसांचं छोटं कुत्रं घेण्याआधी काय ठाऊक असायला हवं होतं? अनुभव सांगा

माळव्यातली_मी: काल माळा आवरताना बंटीचा स्टीलचा कंगवा सापडला. दातांत अजून दोन पांढरे केस. तिथेच बसले. शित्झू जातीचा कुत्रा होता, ११ वर्षं राहिला. आता भाचीला तसंच पिल्लू हवंय, व्हिडिओ बघून. मला कुणी बोललं नव्हतं की हे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. चार महिने नुसता वरवर ब्रश फिरवला. वरून रेशीम, आणि कानामागे नि काखेत नमदा. शेवटी सगळं कापावं लागलं. लाजून दोन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही हो. मग रोज मालिका लागली की तो मांडीवर, मी कंगवा घेऊन. आधी विंचरायचं, मग आंघोळ. गुंत्यावर पाणी पडलं की आणखी आवळतो.
तुम्ही काय सांगाल तिला?

रामबागवाले: केसांचं राहू द्या, उन्हाचं बोला. चपट्या नाकाची जात, धाप लगेच लागते. मे महिन्यात चारला फिरवायला नेला, कोपऱ्यापर्यंत जाईतो जीभ जांभळी. ओल्या टॉवेलात धरून दवाखाना गाठला. तेव्हापासून पहाटे साडेपाच. डांबरावर हाताची पाठ टेकवून बघा, चटका बसला तर घरी चला.

कुकरची_शिट्टी: मी उन्हाळा म्हणून पॉमेरेनियनचा चकोट केला 🤦‍♀️ त्यांना दुहेरी केस असतात, करू नये ते. आतली लोकर आली, वरचे केस दीड वर्ष नाहीत. शेजारचे काका विचारायचे, मेंढी कितीला घेतली?

रामबागवाले: मेंढी 😂😂

भिया_इंदूरी: आम्ही राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक बघायला, टिपू घरी पोरांच्या ताब्यात. आलो तर गुलाबी! चाटून रंग पोटात जातो म्हणून रात्री अकराला आंघोळ घातली, तरी निघेना. पाडव्याच्या फोटोत गुढीशेजारी गुलाबी कुत्रं आहे.

सुदामानगर_२: ३५ दिवसांचं दिलं आम्हाला. ८ आठवड्यांच्या आतलं विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांत मनाई आहे, हे नंतर कळलं. आईपासून लवकर तुटलं, किती जोरात चावायचं ते शिकलंच नाही. माझे हात बघा. आणि दोघं नोकरीवर असाल तर नकोच. शेजारणीने त्याच्या रडण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. ऐकवेना.

कुकरची_शिट्टी: अगं सेम

आईची_लेक: घाईत लिहितेय. बेदाणे!! सत्यनारायणाचा शिरा, सासूबाई म्हणाल्या देवाच्या प्रसादाने काय होतंय. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांचं मूत्रपिंड जाऊ शकतं. डॉक्टरांनी उलटी करवली, दोन दिवस सलाईन. वाचली चिंगी. सासूबाई आता स्वतः वेचून काढतात, पण चिंगीला शिरा चाखवल्याशिवाय राहवत नाही त्यांना.

भिया_इंदूरी: शिऱ्यात केळं कधी घालता? माझा काळा पडतो.

माळव्यातली_मी: भाचीला सगळं पाठवलं. तिचं उत्तर, "मावशी, पांढरा घेऊ की तपकिरी?" कंगवा घासून ठेवलाय, घेणार असली तर नेऊ दे.

सुदामानगर_२: तपकिरी सांगा. पांढऱ्याच्या डोळ्यांखालचे डाग पुसण्यात जन्म जातो.

आईची_लेक: @भिया केळं रव्याबरोबर तुपात परता, काळं पडत नाही. बेदाणे नाही घातले तरी चालतं.