टीसीआय बुडालं ते बरं झालं? अजिबात नाही

मेडफर्डकर
परवा इथे एकाने टीसीआयबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या वाहतूक आणि हवामान योजनेबद्दल लिहिलं, "टीसीआय बुडालं हे २०२१ मधलं सगळ्यात चांगलं काम. गॅसवरचा छुपा कर होता, आपले पैसे वाचले." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. राहवलं नाही म्हणून लिहितोय. (गॅस म्हणजे इथलं गाडीचं पेट्रोल.)

डिसेंबर २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीने करारावर सह्या केल्या. गाड्यांच्या इंधनातून निघणाऱ्या कार्बनला मर्यादा घालायची आणि ती दरवर्षी खाली आणायची. घाऊक पुरवठादारांनी तेवढा कार्बन सोडायचे परवाने लिलावात घ्यायचे. आलेल्या पैशातला किमान ३५% वाटा प्रदूषणाने पिचलेल्या, बस-ट्रेनची सोय नसलेल्या वस्त्यांना द्यायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कनेटिकटचे गव्हर्नर लमाँट यांनी हात वर केले, मग दोन दिवसांत मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर बेकरही बाहेर. का, तर गॅस महागलाय!

एक गॅलन गॅस जाळला की साधारण ९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. परवाना टनाला १० डॉलर धरा. गॅलनला पडले ९ सेंट. एवढा फरक एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांत असतो.

मी आय-९३ हायवेच्या कडेला भाड्याने राहिलोय. खिडकीच्या चौकटीवर काळी पूड बसायची, पुसली की दोन दिवसांत परत. मुलीच्या डब्याच्या पिशवीत चमच्याशेजारी इन्हेलर असायचा. आमच्या मजल्यावर बहुतेकांकडे गाडीच नव्हती. धूर दुसऱ्यांचा, खोकला यांचा. तो ३५% त्यांच्या हक्काचा होता आणि आपण टाळ्या वाजवून तो घालवला.

मेथुएनचा पंपवाला
दोन पंपांतला फरक मला नका शिकवू, माझा पंप आहे. गॅलनमागे हातात काय उरतं ते मला विचारा. क्रेडिट कार्डवाले त्यातूनच आपला वाटा नेतात.

मेथुएन मॅसॅच्युसेट्सच्या टोकाला, माझ्यापासून न्यू हॅम्पशायरची हद्द पाच मिनिटांवर. तिथले तेव्हाचे गव्हर्नर सुनुनू यांनी डिसेंबर २०१९ मध्येच सांगितलं होतं, आम्ही यात नाही. आज दोन्हीकडचा राज्याचा गॅस कर जवळपास सारखा, म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे. ९ सेंट वाढवा, गाडी हद्दीपलीकडच्या सेलमला जाऊन टाकी भरेल. जळणार तेवढाच गॅस, फक्त आमच्या राज्याच्या हिशेबात दिसणार नाही. बारा राज्यांनी मिळून करायचं तर करा. तीन राज्यं आणि एक शहर घेऊन कसली प्रादेशिक योजना?

हार्टफर्डच्या काकू
मेडफर्डकर, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण कार्बनवर मर्यादा म्हणजे काजळीवर मर्यादा नव्हे. पुरवठादाराने परवाना विकत घेतला की तुमच्या खिडकीखालून ट्रक तसेच जाणार. म्हणून तर वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कितीतरी संघटना टीसीआयच्या विरोधात होत्या. त्या काय तेल कंपन्यांच्या होत्या?

मी रात्रपाळीची नर्स. पहाटे घरी यायला बस नाही. माझ्यासारखीने गॅस कमी कसा जाळायचा ते सांगा, मग मर्यादेबद्दल बोला.

मेडफर्डकर
काकू, ती बस सुरू करायलाच तो पैसा होता!

हार्टफर्डच्या काकू
पैसा आधी माझ्याकडून, बस नंतर कधीतरी. आयुष्यभर हेच ऐकतेय.

क्विन्सीचा अभय
बस वगैरे सोडा, इलेक्ट्रिक गाडी घ्या. मी घ्यायला निघालो तर आमच्या काँडोच्या (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीच्या) बोर्डाने चार्जर लावू दिला नाही. म्हणे पॅनेलवर भार येतो, भिंत सामाईक आहे, विम्याचं काय. माझ्या स्वतःच्या पार्किंगच्या जागेत! अध्यक्षबाईंचे दोन दोन फ्रीझर तळघरात चालतात ते चालतं.

एडिसनवासी
घेऊन तरी काय मिळालं? न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला २५० डॉलर फी, तीही दरवर्षी १० ने वाढणारी. नवीन गाडी घेतलीत तर चार वर्षांची एकदम. वर विक्रीकराची सूटही काढली. धूर न सोडणाऱ्याला दंड!

मेथुएनचा पंपवाला
दंड कसला? माझं गिऱ्हाईक गॅलनमागे रस्त्याचे पैसे भरतं. तुमची गाडी जास्त जड, रस्ता फुकट का वापरायचा?

एडिसनवासी
फुकट? माझी गाडी वर्षभरात जेमतेम गावातल्या गावात फिरते. गॅसची गाडी असती तर एवढा कर बसलाच नसता. हिशेब करून बोला.

क्विन्सीचा अभय
मला चार्जरचं कुणी सांगेल का?

मेडफर्डकर
अभय, २०२४ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर हिली यांनी सही केलेला ऊर्जा कायदा वाच. काँडो असोसिएशनला विनाकारण चार्जर अडवता येत नाही. खर्च तुझा, परवानाधारक इलेक्ट्रिशियन तुझा. बोर्डाला लेखी दे, तोंडी बोलू नकोस. आणि आता मूळ विषयावर या रे सगळे.

रेंटनकर
येतो. आमच्या वॉशिंग्टन राज्यात (डीसी नव्हे) हेच जानेवारी २०२३ पासून चालू आहे, गाड्यांच्या इंधनासकट. त्या उन्हाळ्यात गॅलन ५ डॉलरच्या आसपास गेला, मीही चिडलो होतो. काही सेंट वाढतील असं सांगितलं होतं, वाढले त्याहून बरेच जास्त. हे लपवून चालणार नाही. पण २०२४ मध्ये कायदा रद्द करायचा ठराव मतदानाला आला तेव्हा लोकांनी मोठ्या फरकाने तो पाडला. कारण पैसा कुठे जातो ते दिसत होतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट आहे, माझा मुलगा त्याच बसने पोहायला जातो.

मेथुएनचा पंपवाला
म्हणजे भाव बराच वाढला हे तुम्हीच कबूल केलंत. मेडफर्डकरांचे ९ सेंट कुठे गेले?

मेडफर्डकर
वॉशिंग्टन राज्यातला परवाना आपल्या अंदाजाच्या कितीतरी पट महाग गेला. टीसीआयमध्ये भाव फार चढला तर राखीव परवाने बाजारात सोडायची तरतूद होती. तुम्ही करार न वाचता बोलता.

मेथुएनचा पंपवाला
वाचला नाही? इंधनाचा धंदा माझा, पहिली नोटीस मला आली असती! ओळ न ओळ वाचलाय. तुमच्यासारखं पगारावर बसून नाही वाचलं.

हार्टफर्डच्या काकू
पगारावर घसरू नका. रेंटनकर, मुलांना फुकट बस हे मला पटलं. असं काही आधी करून दाखवलं असतं तर मी लमाँट यांना फोन करून विरोध नोंदवला नसता. काजळीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. हायवेकडेच्या वस्तीत हवा मोजायची यंत्रं लावा आणि तो आकडा कमी झाला नाही तर परवाने कापा, असं लिहून द्या.

मेडफर्डकर
हे मान्य. हे तेव्हा करारात हवं होतं.

मेथुएनचा पंपवाला
न्यू हॅम्पशायर आत आलं तर माझाही विरोध नाही, तसं लिहून ठेवा. पण ते येणार नाही आणि तोवर माझा पंप मी बळी देणार नाही. अभय, चार्जर बसवला की कळव. मीही पंपावर एक लावायचा विचार करतोय, तुझा इलेक्ट्रिशियन किती घेतो ते बघू.