कामाचा डोंगर रोज थोडा थोडा कसा उपसायचा?

प्रश्न: यादीत चाळीसेक कामं आहेत. त्यातला मोठा अहवाल रोजच मागे पडतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: नुसतं 'अहवाल' लिहिलं की त्यात हात घालवत नाही. 'मागच्या तिमाहीचे आकडे तक्त्यात भरणे' असं लिहा. तुकडा २५ मिनिटांत संपेल एवढाच, मग ५ मिनिटं उठा. पहिला तुकडा मेल उघडण्याआधीच उरका, नाहीतर सकाळ दुसऱ्यांच्या कामात जाते.

उत्तर २: अगदी बरोबर. पण दिवस गच्च भरू नका. आठ तासांपैकी पाचांचंच नियोजन करा, मधेच उपटणारी कामं उरलेल्यात बसतात. आणि थांबताना पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे सकाळची शोधाशोध वाचते.

उत्तर ३: तीनदा पुढे ढकललेलं काम आणखी फोडा, नाहीतर जमणार नाही असं सरळ कळवा.