बुरुजासाठी संस्था नोंदवावी का?

प्रश्न: आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी बेलापूर किल्ल्याच्या बुरुजाभोवतीचं प्लॅस्टिक उचलतो. गोण्या आई शिवून देते. पावसाळ्यात भिंतीत पिंपळ रुजला होता. तो उपटताना दगडच निसटून हातात आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. संस्था नोंदवली तर हे काम नीट करता येईल का?

उत्तर: ताई, पिंपळ कधीच उपटू नका. मुळं सांध्यात शिरलेली असतात, ओढलं की भिंत सुटते. वरून छाटा, पुढचं जाणकारांवर सोडा. आणि कुणी सिमेंट भरायला निघालं तर हात धरा! जुनं काम चुन्याचं असतं, सिमेंट आत ओल कोंडतं. १९८४ साली स्थापन झालेल्या इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या लोकांशी बोला.

उत्तर: जरूर नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद पुरतात. ब्रिटनमधला जुन्या वास्तू जपणारा नॅशनल ट्रस्ट १८९५ मध्ये तिघांनीच सुरू केला. पुढच्याच वर्षी त्यांनी पहिलं घर घेतलं, दहा पौंडांत. फक्त भिंतीला हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. या रविवारी फक्त फोटो आणि मापं. तो दगड तिथंच बुरुजाच्या पायाशी ठेवलाय, खडूनं खूण करून.